कपातले फूल कोणते?

मराठीत ‘चहा’ हा शब्द आपण केव्हाच सैल करून टाकला आहे. परसात, नळाच्या सांडपाण्यावर वाढणाऱ्या एका सुगंधी गवताला आपण ‘गवती चहा’ म्हणतो. चहाच्या झुडपाशी त्याचे कसलेही नाते नाही. एक गवताच्या कुळातले, दुसरे कॅमेलियाच्या. तरीही कुणाला ते नाव खटकत नाही. ‘हर्बल टी’ ही आपल्याकडे अलीकडची, शहरी, थोडी नखरेल गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी या नावाकडे एकदा पाहावे. वनस्पतीचा वास पाण्यात उतरवून तो प्यायचा आणि त्याला चहा म्हणायचे, हे आपल्या घरांत होतेच. बहुतेक वेळा ते दूधसाखरेच्या चहाच्या पातेल्यातच होत होते, एवढेच.

गेली काही वर्षे मी बागेतल्या ताज्या फुलांच्या चहाविषयी वाचते आहे, करून पाहते आहे आणि वहीत टिपून ठेवते आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण कोल्हापुरात राहणाऱ्याला एक सोय आहे. शिवाजी विद्यापीठाने २००२ साली प्रसिद्ध केलेला, एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचा ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ. हातातले फूल नेमके कोणते, हा प्रश्न पडला की असा ग्रंथ शेजारी लागतो. आणि फुलांच्या चहात हाच प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. कृती अगदी सोपी असते. चुकते ती ओळख.

आधी कृतीचे नाव. आयुर्वेदात औषधी द्रव्यातून सत्त्व काढण्याच्या पाच मूळ पद्धती सांगितल्या आहेत. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. चरकसंहितेत त्या आहेत आणि पुढे शार्ङ्गधरसंहितेत त्यांची मापे अगदी स्वयंपाकाच्या वहीत असावीत तशी दिली आहेत. क्वाथ म्हणजे आपला काढा. एक पल, म्हणजे सुमारे चार तोळे द्रव्य, सोळापट पाण्यात घालायचे आणि आठवा भाग उरेपर्यंत आटवायचे. हिम म्हणजे तेवढेच द्रव्य सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळलेले पाणी. फांटात मात्र उकळणे नाही. कुटलेल्या द्रव्यावर चौपट गरम पाणी ओतायचे, थोडे थांबायचे, कुस्करायचे आणि फडक्यातून गाळायचे. जगभर ज्याला आज ‘इन्फ्यूजन’ म्हणतात ते हेच. आपल्याकडे त्याला कित्येक शतके जुने, दोन अक्षरी नाव आहे आणि ते जवळजवळ कुणीच वापरत नाही.

मापांतला फरकही पाहण्यासारखा आहे. चार तोळे द्रव्याला सोळा तोळे पाणी, हे औषधाचे प्रमाण झाले. आपण कपभर पाण्यात तीनचार फुले टाकतो तेव्हा पेय करतो, औषध नव्हे. पेयाकडून औषधाची अपेक्षा ठेवली की पुढचे सगळे घोळ सुरू होतात.

फांट हा शब्द मागे पडला याचे एक कारण मला आपल्या चहाच्या सवयीत दिसते. १९३० च्या सुमारास आसामात पाने चिरडून, फाडून, वळवून दाणेदार पूड करण्याचे यंत्र आले. त्या पद्धतीला सीटीसी म्हणतात आणि आज आपल्या डब्यातला चहा बहुतेक त्याच जातीचा असतो. तो दुधात, साखरेत, आल्यात खळखळून उकळला तरी तग धरतो. किंबहुना उकळल्यावरच खुलतो. त्यामुळे चहा म्हणजे उकळणे हे समीकरण हाडीमांसी खिळले. कोल्हापूरला तर या उकळत्या चहाचा अभिमान बाळगायला सबळ कारण आहे. राजर्षी शाहूंनी पन्हाळ्यावर चहा-कॉफीच्या लागवडीचा प्रयोग केला होता. आणि गंगाराम कांबळे यांनी शहरात हॉटेल काढले तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार या प्रश्नाला महाराजांनी स्वतः तिथे गाडी थांबवून, चहा मागवून आणि बरोबरच्या मंडळींना तो प्यायला लावून उत्तर दिले. ज्या गावात चहाच्या कपाने एवढे काम केले, तिथे फुलाच्या पाण्याला कुणी चट्‌कन चहा म्हणणार नाही हे मी समजू शकते.

पण फूल म्हणजे सीटीसी नव्हे. फुलाचा वास हा लिनालूल, जिरॅनिऑल अशा उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो. पाण्याच्या वाफेबरोबर ती सहज बाहेर पडतात. गुलाबपाणी असेच तर करतात. पाकळ्या पाण्यात उकळायच्या, वर येणारी वाफ थंड करायची, तिच्याबरोबर उडालेला सुगंध धरायचा. उघड्या पातेल्यात पाकळ्या उकळताना आपणही गुलाबपाणीच करत असतो, फक्त ते स्वयंपाकघराच्या छताला देतो. घरभर सुंदर वास सुटला म्हणजे चहा छान होणार असे वाटते. प्रत्यक्षात तो वास कपातून गेलेला असतो. मागे उरतात ती तुरट द्रव्ये, थोडा चिकटपणा आणि उकळून तपकिरी पडलेला रंग. म्हणून फुलाला फांट. गॅस बंद करायचा, पाण्यातले मोठे बुडबुडे थांबेपर्यंत मिनिट-दीड मिनिट जाऊ द्यायचे, मग फुलांवर पाणी ओतायचे आणि लगेच झाकण ठेवायचे. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब कपातच झटकायचे. सुगंधाचा बराचसा भाग त्यांतच असतो.

आता ओळखीकडे वळते, कारण खरा गुंता तिथे आहे.

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांना रक्तदाबाची गोळी चालू होती. फोनवर कुणीतरी पाठवलेला मजकूर त्यांनी वाचला, की रोज तीन कप जास्वंदीचा चहा घेतल्याने रक्तदाब उतरतो आणि हे परदेशात सिद्ध झाले आहे. दारात गणपतीसाठी लावलेली लाल जास्वंद होतीच. महिनाभर ते रोज नेमाने तिचा चहा पीत राहिले आणि गोळी त्यांनी आपल्या मनाने सोडली. पुढच्या तपासणीत वरचा आकडा पूर्वीपेक्षा बराच वर गेलेला निघाला. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, वेळेवर लक्षात आले म्हणून निभावले. मला त्यांनी विचारले ते असे, ‘ताई, संशोधन खोटं होतं का हो?’

खोटे नव्हते. फूल वेगळे होते.

अमेरिकेतील टफ्ट्‌स विद्यापीठातील डायॲन मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला तो अभ्यास आहे. रक्तदाब थोडासा वाढलेले, पण त्यासाठी औषध न घेणारे, ३० ते ७० वयाचे ६५ लोक त्यात होते. त्यांतल्या काहींना सहा आठवडे रोज तीन वेळा २४० मिलिलिटर ‘हिबिस्कस टी’ दिला, काहींना तसेच दिसणारे आणि लागणारे दुसरे पेय. चहा घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी ७.२ ने उतरला, दुसऱ्या गटाचा १.३ ने. खालच्या आकड्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. परिणाम आहे, पण माफक आहे, आणि तो गोळी घेणाऱ्यांवर तपासलेलाच नव्हता. एवढे सगळे त्या फोनवरच्या मजकुरातून गळले होते. पण सगळ्यांत महत्त्वाचे गळले ते वनस्पतीचे आडनाव. अभ्यास ‘हिबिस्कस सब्डरिफा’चा होता. आपली दारातली जास्वंद आहे ‘हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस’. हिबिस्कस हे प्रजातीचे नाव आहे, कुणा एका झाडाचे नाही. भेंडीचेही जुने शास्त्रीय नाव हिबिस्कसनेच सुरू होत असे. मग भेंडीच्या भाजीने रक्तदाब उतरतो असेही म्हणावे लागेल.

आणि ही ‘हिबिस्कस सब्डरिफा’ म्हणजे कोण? आपली अंबाडी. भाकरीबरोबर जिची आंबट पालेभाजी आपण लसणाची फोडणी देऊन खातो ती. सुदान आणि इजिप्तमध्ये ‘करकदे’, सेनेगलमध्ये ‘बिसाप’, मेक्सिकोत ‘हमाइका’, कॅरिबियन बेटांवर नाताळात लागणारे ‘सॉरेल’, ही लालभडक पेये सगळी हिचीच. दुकानात ‘हिबिस्कस टी’ म्हणून जे पाकीट मिळते त्यावर मी जास्वंदीचे चित्र छापलेले पाहिले आहे आणि आत निघाली ती अंबाडीची वाळलेली बोंडे. म्हणजे जास्वंदीच्या चित्राखाली अंबाडी विकली जाते आणि अंबाडीच्या कीर्तीवर जास्वंद प्यायली जाते.

गंमत अशी की जगातला सर्वांत प्रसिद्ध ‘फुलांचा चहा’ मुळात फुलाचा नाहीच. अंबाडीचे फूल फिकट पिवळे, गाभ्यात गडद तांबडे, एका दिवसाचे सोबती. ते मिटले की पाकळ्या गळतात आणि त्यांच्याखालची लाल वाटी, शाळेच्या पुस्तकातला निदलपुंज, जाड आणि रसाळ होऊ लागते. चहा त्या वाटीचा. तिच्यात आम्ले भरपूर असतात, म्हणून पेय लिंबाशिवाय आंबट होते. तिचा रंगही अँथोसायनिन गटातल्या द्रव्यांचा, जांभळाच्या आणि लाल कोबीच्या रंगाचा भाऊबंद.

इथे मराठीतही एक पोटघोळ आहे, तो सांगून टाकते. आपण दोन वनस्पतींना अंबाडी म्हणतो. एक ही भाजीची, आणि दुसरी वाखाची, जिच्या सालीच्या धाग्यांचे दोर वळत. ती ‘हिबिस्कस कॅनाबिनस’. तिचीही पाने खातात, पण तिच्या बोंडावर लव असते आणि ते रसाळ होत नाही. चहासाठी हवी ती लाल देठाची, गुळगुळीत, मांसल बोंडांची.

कपिलतीर्थ मंडईत अंबाडीच्या जुड्या दिसतात, बोंडे क्वचित. मी एका भाजीवाल्या मावशींना म्हटले, ‘मावशी, पाला नको, लाल बोंडं आणाल का?’ त्या म्हणाल्या, ‘बोंडं? ती कशाला वो ताई? ती बियाला ठेवत्यात.’ दुसऱ्या आठवड्यात मात्र पदराआडच्या पिशवीतून त्यांनी शेरभर बोंडे काढून दिली आणि पैसे घेताना विचारले, ‘पर करताय काय ह्याचं?’ सांगितल्यावर त्यांनी एक बोंड तोंडात टाकले, डोळे मिटले आणि चिंचेला पर्याय म्हणून त्याची नोंद करून घेतली असावी.

मग जास्वंदीचा चहा करूच नये का? खुशाल करावा. फक्त ती जास्वंद म्हणून प्यावी. ती आंबट नसते, तिला म्हणण्यासारखा वासही नसतो. तिच्यात बुळबुळीत चिकट द्रव्य असते, ज्यासाठी आपण तिचा पाला आणि फुले केसांना लावतो. चव सौम्य, जवळजवळ नाहीच. तिचे सौंदर्य रंगात. साध्या पाच पाकळ्यांची लाल जास्वंद सकाळी उमलल्यावर तोडावी, गाठीसारखी भरगच्च दुहेरी नको, कारण तिच्या चुण्यांत मुंग्या आणि पिठ्या ढेकूण दडतात. खालचा हिरवा भाग आणि मधला पुंकेसरांचा दांडा काढून फक्त पाकळ्या घ्याव्यात. कपाला तीन-चार फुले, झाकून चारपाच मिनिटे. पाणी आधी मळकट जांभळे दिसते आणि पाहुणे नाक मुरडतात. मग त्यांच्या समोर अर्धे लिंबू पिळावे. क्षणात माणकासारखा लाल रंग येतो. ही जादू नव्हे. अँथोसायनिन आम्लात लाल आणि अल्कात निळे-हिरवे होते. एकाच फुलाचा चहा नळाच्या पाण्यात एका रंगाचा आणि बोअरच्या जड पाण्यात दुसऱ्याच, काळपट रंगाचा होतो, त्याचे कारणही हेच. खात्री करायची असेल तर दुसऱ्या कपात चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहा. तो कप मात्र ओतून द्यायचा.

एक खबरदारी. १९७० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात जास्वंदीच्या फुलांच्या अर्काचे प्रयोग उंदरांच्या माद्यांवर झाले आणि त्या अर्काने गर्भधारणेला अडथळा आलेला दिसला. तो अर्क बेंझिनमध्ये काढलेला होता, कपातल्या गरम पाण्याचा नव्हता, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तरीही गरोदर बाईने किंवा मूल हवे असलेल्या बाईने केवळ रंगासाठी हा चहा घेण्याचे काही कारण मला दिसत नाही.

नावांचा असाच घोटाळा झेंडूचा. इंग्रजी पुस्तकांत ‘मॅरिगोल्ड टी’ दिसतो आणि दसऱ्याच्या तोरणातून उरलेल्या झेंडूकडे आपले लक्ष जाते. पण तो चहा कॅलेंडुलाचा. त्याचे झाड वेगळे, आपल्याकडे हिवाळ्यात कुंड्यांतून दिसणारे. आपला झेंडू मेक्सिकोतून आलेला ‘टॅजेटिस’. तिकडेही नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या सणाला त्याच्या राशी लागतात, जवळजवळ आपल्याबरोबरच. त्याच्या मुळांतली द्रव्ये जमिनीतल्या सूत्रकृमींना मारक आहेत आणि टोमॅटोच्या शेतात तो सापळा पीक म्हणून लावतात, म्हणजे कीड टोमॅटोवर न जाता त्याच्यावर बसावी म्हणून. असे फूल मी दाराला बांधीन, कपात घालणार नाही. शेवंतीचे थोडे वेगळे. चीनमध्ये शेवंतीचा चहा घरोघर पितात, पण त्यासाठीचे वाण निराळे, पिण्यासाठीच वाढवलेले. गजऱ्या-हारांची शेवंती त्या कामाची नव्हे.

मोगऱ्याच्या बाबतीत मात्र नाव आपल्याच बाजूने उभे राहते. जगप्रसिद्ध चिनी ‘जॅस्मिन टी’ ज्या फुलाचा, ते ‘जॅस्मिनम सँबॅक’ म्हणजे आपला मोगराच. तो इकडूनच तिकडे गेला. फुजियान प्रांतात आजही त्याची रीत अशी आहे. कळ्या दिवसा खुडायच्या, कारण त्या रात्री उमलतात आणि उमलताना सर्वाधिक दरवळतात. त्या रात्री त्यांचे थर कोरड्या चहाबरोबर लावायचे, सकाळी फुले वेचून टाकायची, आणि पुढच्या रात्री नव्या कळ्या. पाण्यात फूल जातच नाही, चहाची पाने वास पितात. हे घरी अगदी छान जमते. चैत्र-वैशाखात घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर पानांचा चहा आणि ओंजळभर टपोऱ्या कळ्या रात्री ठेवाव्यात, सकाळी कळ्या काढून चहा पसरून कोरडा होऊ द्यावा. दोनतीन रात्रीत चहा मोगरा होतो. दाणेदार पूड नको, लांब पानांचा चहा घ्यावा, आणि अर्थात दूध नको.

गोकर्णाविषयी फार लिहिण्याची गरज उरलेली नाही, त्याचे निळे पेय आता हॉटेलांतून मिरवते. थायलंड-मलेशियात ते जुने आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ साली गोकर्णाच्या फुलांचा अर्क खाद्यरंग म्हणून मान्य केला. सात-आठ फुले, हिरवे देठ काढून, कपभर पाण्यात. रंग गडद निळा, चव वाटाण्याच्या शेंगेच्या पाण्यासारखी. लिंबाने जांभळे होते. ध्यानात ठेवायचे ते इतकेच, की गोकर्णाचे मूळ आणि बी रेचक आहे. वेलीवर फुलाशेजारीच शेंगा असतात, त्या हातात येऊ देऊ नयेत.

पारिजातक मला या सगळ्यांत अधिक जवळचा. दिवाळीच्या आगेमागे त्याचा सडा पडतोच. त्याच्या केशरी देठातला रंग केशराच्या रंगद्रव्याच्या कुळातला आहे, आणि पूर्वी त्या देठांनी कापड रंगवत. जमिनीवर पडलेले फूल देवाला चालते असे हे जवळजवळ एकमेव, पण कपाला चालत नाही. झाडाखाली रात्रीच स्वच्छ चादर अंथरावी. दहा-बारा फुले, दोन मिनिटे, बस्स. जास्त ठेवले तर देठाचा कडवटपणा उतरतो. सायटिकावर पारिजातकाचा काढा सांगतात तो पानांचा, कडूजहर. त्या काढ्याचा आणि या नाजूक पिवळ्या पाण्याचा संबंध जोडू नये.

आता परडीतली न प्यायची फुले. आपल्याकडे हा धोका मोठा आहे, कारण देवाच्या परडीत आणि कुंपणात जी फुले शेजारी शेजारी असतात त्यांतली काही विषारी आहेत. कण्हेर, लाल असो वा पांढरी, हृदयाच्या ठोक्यांवर थेट परिणाम करणारी द्रव्ये बाळगते. तिची पाने, फुले, फांदी, काहीच तोंडात जाऊ नये. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तशीच, आणि तिच्या बिया अधिकच घातक. महादेवाला वाहतो तो धोतरा. रुई. तगर तर दिसायला मोगऱ्याची बहीण, आणि घाईत वेचताना दोन्ही एकाच ओंजळीत येतात. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ते फूल कपात घालायचे नाही, हा जुन्या बायकांचा ठोकताळा बिट्टी, रुई, तगर, खुरचाफा यांना बरोबर पकडतो. धोतऱ्याला मात्र पकडत नाही, त्याला चीक नाही. म्हणून ठोकताळ्यावर विसंबू नये. ज्याचे नाव दोनदा, दोन माणसांकडून किंवा एका माणसाकडून आणि एका पुस्तकातून पटवून घेतले आहे तेवढेच फूल वापरावे.

आणि फूल ओळखीचे असले तरी ते कुठून आले हा प्रश्न उरतो. शिंगोशी मार्केटमधून पहाटे आणलेला गुलाब कितीही ताजा असो, तो खाण्यासाठी पिकवलेला नाही. भाजीपाल्यावर औषधाचा अंश किती चालेल याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. हाराच्या फुलांकडे खाद्य म्हणून कुणी पाहतच नाही. बेल्जियममधल्या संशोधकांनी फुलविक्रेत्यांकडचे गुलाब, जर्बेरा आणि शेवंतीचे ९० गुच्छ तपासले तेव्हा त्यांत कीटकनाशके, बुरशीनाशके मिळून १०७ रसायने सापडली. ती फुले हाताळणाऱ्या लोकांची काळजी करावी म्हणून तो अभ्यास होता, कुणी ती पीत नव्हते. अंबाबाईच्या किंवा जोतिबाच्या प्रसादाच्या फुलांचा चहा करावा का, असे मला एकदोघींनी भाविकतेने विचारले आहे. त्या फुलांवर औषध, गुलाल, कुंकू, कापूर, हजार हात, सगळेच असते. निर्माल्याचे खत करावे. रोपवाटिकेतून आणलेल्या नव्या रोपाचीही पहिली दोनतीन महिन्यांची फुले सोडून द्यावीत, कारण विक्रीआधी त्यावर काय मारले आहे हे आपल्याला कुणी सांगत नाही.

राहता राहिला गुलाब. हवा तो देशी, गुलकंदाचा, झुबकेदार आणि लवकर गळणारा. लांब दांड्याच्या हरितगृहातल्या गुलाबाला वास नसतो, म्हणजे चहाच्या दृष्टीने तो गुलाबच नाही. पाकळीच्या बुडाचा पांढरा टोकाचा भाग कडवट, तो कात्रीने काढावा. गुलाब गवती चहाच्या एका पात्याबरोबर सुरेख जुळतो. तुळशीबरोबर मात्र भांडतो, हे माझे मत.

शेवटी अंबाडीच्या चहाची कृती, कारण हा अंक हातात पडेल तेव्हा तिचाच हंगाम असेल. दिवस लहान होऊ लागले की अंबाडी फुलते, आणि फूल गळून दोनतीन आठवडे झाले की बोंड भरते. नखाने चिरता येईल इतके कोवळे असतानाच खुडावे, जून झाले की चिवट होते. देठाकडून बोट खुपसून मधली हिरवी बोंडी बाहेर ढकलावी, लाल पाकळीसारखे भाग सुटे होतात. एका कपाला तीन-चार ताजी बोंडे पुरतात. ही जाड असतात, म्हणून यांना फुलांपेक्षा जास्त वेळ, सातआठ मिनिटे झाकून. काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टीलचे भांडे घ्यावे. ॲल्युमिनियम आणि लोखंड नको, इतके ते आंबट असते. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्याने रिकाम्या पोटी घेऊ नये, आणि रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्याने डॉक्टरांना विचारून, गोळी चालू ठेवून घ्यावे. गोड हवे तर गूळ बरा, पण रंग थोडा मातकट होतो. मी साखर घालते. उरलेली बोंडे चिरून सुती कापडावर सावलीत वाळवली तर वर्षभर टिकतात. वाळल्यावर ताज्याच्या सुमारे दशांश वजन उरते, म्हणून तेव्हा कपाला मोठा चिमूटभरच.

ढकलून काढलेल्या हिरव्या बोंड्या फेकू नयेत. पण त्यांतले बी कोवळे असते, ते रुजत नाही. त्या चटणीत जातात. बियाण्यासाठी झाडावर चारदोन बोंडे शेवटपर्यंत, तडकेपर्यंत राहू द्यावीत, बी राखेत घोळून ठेवावे आणि मृगाच्या पहिल्या पावसावर टोकावे. एका मोठ्या कुंडीत एकच रोप. ते माणसाएवढे उंच होते.